नशीब परवडलं, पण कौशल्य आवरा!

बाळकुम नाक्यावर भर दुपारी अडवून कुणी मला विचारलं, "मास्तर, तुम्ही जुगारी आहात का?" तर मी छातीवर हात ठेवून "नाही" म्हणेन. मात्र विचारणाऱ्यानं भाद्रपदातल्या पाच रात्रींचा विषय काढू नये. गणपती घरात असताना रात्री पत्ते खेळणं हा जुगार नव्हे, ती सेवा आहे. देवाला एकटं टाकून झोपायचं नसतं, समईत तेल घालायला कुणीतरी जागं लागतं आणि नुसत्या भक्तीनं पहाटे तीनपर्यंत डोळे उघडे राहतात असा माणूस निदान आमच्या आळीत तरी जन्मलेला नाही. म्हणून तीन पत्ती. बूट एक रुपया.

ही सेवा आमच्याकडे गेली कित्येक वर्षं चालू आहे. ठाण्याची महापालिका झाली १९८२ साली. त्याआधी बाळकुम हे सरळसरळ गाव होतं. खाडीवरून वारा यायचा, वाऱ्याबरोबर डास यायचे आणि डासांबरोबर दादूस यायचे. दादूस म्हणजे आमचे शेजारी. आता नाक्यावर मेट्रोचे खांब उभे राहिलेत, भिवंडीचे ट्रक कशेळीच्या पुलाकडे रांगत जातात आणि कोलशेत रोडला इतके उंच मनोरे झालेत की वरच्या मजल्यावरच्या माणसाला पाऊस आधी कळतो. पण दादूस तेच, आमची सतरंजीही तीच आणि हिची वहीही तीच.

या वहीबद्दल सांगायला हवं, कारण माझा आजचा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. आमची ही पत्त्यांना हात लावत नाही. मात्र कोण किती जिंकला, कोण किती हरला, हे तपकिरी कव्हराच्या वहीत दर रात्री लिहून ठेवते. का, तर "उद्या भांडणं नकोत". चाळीस वर्षं गणित शिकवून मला जे सिद्ध करता आलं नाही, ते या वहीनं न बोलता सिद्ध केलंय. ते असं, की पैसे लावून खेळायचंच असेल तर नशिबाचा खेळ परवडला, कौशल्याचा नको!

ऐकायला उफराटं वाटतं, कबूल. शहाणा समाज नेमकं उलट सांगत आलाय. नशिबाचा खेळ तो जुगार आणि कौशल्याचा खेळ तो बुद्धीचा व्यायाम. आता माझी बाजू ऐका.

आधी तीन पत्ती, पोलिसांच्या पंचनाम्यात जिला तिर्रट म्हणतात ती. बावन्न पानांतून तीन पानं एकूण २२,१०० प्रकारांनी येऊ शकतात. त्यांतले १६,४४० हात म्हणजे शुद्ध भंगार, म्हणजे ना जोडी, ना रंग, ना सिक्वेन्स. जोडीचे हात ३,७४४, रंगाचे १,०९६, सिक्वेन्सचे ७२०, प्युअर सिक्वेन्सचे ४८ आणि ट्रेलचे ५२. म्हणजे चारशे पंचवीस डावांत एकदा ट्रेल आणि चारांतले तीन डाव हातात रद्दी. हा हिशेब मी एकदा दादूसना कागदावर मांडून दाखवला. त्यांनी तो शांतपणे पाहिला, कागदाची पुडी करून तिच्यात तंबाखू बांधली आणि म्हणाले, "मास्तर, पत्त्याला अक्कल नाय. आन् अक्कल असती तर तो तुमच्या हातात कशाला आला असता?"

दादूस पानं न बघता ब्लाइंड खेळतात. मी पानं बघतो, गणित करतो, चेहरे वाचतो आणि बघून खेळणारा म्हणून दुप्पट चाल देतो. वहीप्रमाणे अकरा गणपतींचा जमाखर्च सांगू? दादूस शंभर रुपयांनी वर, मी चाळीस रुपयांनी खाली. बाकीचे आठ-दहा जण असेच इकडे-तिकडे. चेहरे वाचणं, फसवी चाल देणं, वेळेवर पॅक करणं यांत थोडी कला आहे, नाही असं नाही. पण ती आमटीतल्या हिंगाइतकी. पैसा सतरंजीवर गोल गोल फिरतो आणि अनंतचतुर्दशीपर्यंत ज्याचा त्याच्याकडे जातो. यंदा मी हरलो तर पुढच्या वर्षी दादूस हरतील, असा न्याय असतो.

मध्यंतरी आमच्यातल्या काही सुशिक्षितांना (त्यांत मीही होतो) लाज वाटायला लागली. "हे काय अडाण्यासारखं तिर्रट खेळायचं? रमी खेळू या, डोकं तरी चालेल!" झालं, तेरा तेरा पानं वाटली गेली. पहिल्या वर्षी नाना जिंकले. दुसऱ्या वर्षी नाना जिंकले. तिसऱ्या वर्षी काय झालं ते चाणाक्ष वाचकांनी ओळखलंच असेल. नाना बँकेतून निवृत्त झालेले. कोणी कुठलं पान टाकलं, कोणी कुठलं उचललं, हे त्यांच्या डोक्यात खतावणीसारखं उतरत असे. किलवरची सत्ती मी कशासाठी धरून ठेवलीय, हे माझ्याआधी त्यांना कळायचं. तीन वर्षांत नानांनी आमच्या सगळ्यांकडून मिळून साडेचार हजार नेले. शेवटी आरतीला माणसं यायची आणि नाना सतरंजी झटकायला लागले की एकेकाला घरची कामं आठवायची. हिनं वहीत रमीच्या पानावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, "बंद. एकाचाच गणपती होतोय."

या एका ओळीत आमच्या हिनं जे सांगितलं, ते ओळखायला आपल्या देशाच्या कायद्याला फार काळ लागला.

आपल्याकडे मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा आहे १८८७ सालचा. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. पुढे सिकंदराबादच्या एका क्लबावर धाड पडली, पैसे लावून रमी खेळणारे सापडले आणि खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६७ च्या नोव्हेंबरात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी निकाल दिला, की तीन पत्तीसारखा हा नुसता नशिबाचा खेळ नव्हे. रमीत पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, कुठलं धरायचं नि कुठलं सोडायचं याला कसब लागतं, म्हणून ती मुख्यतः कौशल्याची. बरोबरच आहे! आमचे नाना त्याचा चालताबोलता पुरावा आहेत. पण त्याच निकालात पुढे असंही म्हटलंय, की जागेचा किंवा क्लबाचा मालक खेळातून नफा काढत असेल, तर गुन्हा शाबीत होऊ शकतो. गंमत बघा, पहिलं वाक्य रमीवाल्यांनी सोन्याच्या चौकटीत लावलं आणि दुसरं वाक्य माळ्यावर टाकलं.

मालकाच्या या नफ्याला आपल्याकडे जुना, झणझणीत शब्द आहे, नाल. अड्डेवाला प्रत्येक डावातून चार पैसे बाजूला काढतो, ती नाल. खेळणारे जिंकोत वा हरोत, नाल कधी हरत नाही. (हीसुद्धा चहासाठी दर रात्री प्रत्येकाकडून दहा रुपये घेते. ही नाल होते का, असं मी एकदा तिला विचारलं. "गेल्या वर्षीचे तुमचेच बाकी आहेत, आधी ते टाका, मग कलम लावा," असं उत्तर मिळालं.)

आता मूळ दुखण्याकडे येतो. त्याचं नाव पोकर आणि ते आणलं आमच्या भाच्यानं.

भाचा कोलशेत रोडच्या एका मनोऱ्यात सतराव्या मजल्यावर राहतो, संगणकावर काहीतरी करतो आणि त्याचा पगार मी विचारत नाही, कारण मला रात्री झोप हवी असते. तीन वर्षांपूर्वी जागरणाला आला तो प्लॅस्टिकच्या चकत्यांचा डबा घेऊनच. "मामा, हे काय पोरखेळ खेळताय? पोकर खेळा. शुद्ध कौशल्य!" मग समईच्या उजेडात आमची शिकवणी सुरू झाली. होल्डेममध्ये म्हणे दोन पानं तुमची आणि पाच सगळ्यांची, मध्ये उघडी. तुमची बंद पानं फक्त १,३२६ प्रकारची असू शकतात, तेव्हा हिशेब आवाक्यातला. एक्क्यांची जोडी आली तर लहान जोडीला ती पाचांत चारदा हरवणार. ओमाहात चार पानं हातात आणि त्यांतली बरोबर दोनच वापरायची, म्हणून प्रकार झाले २,७०,७२५. तिथं दोघांचे हात जवळजवळ येतात, म्हणून एका डावापुरता नशिबाचा हात मोठा. पण चार पानं बघून हुरळणारे हौशे जास्त चुकतात, म्हणून जाणत्याला चरायला कुरण. सात पानांच्या स्टडमध्ये चार पानं उघडी पडतात, तेव्हा ज्यानं डाव सोडला त्याची पानं आठवणारा शहाणा. (इथं नाना पहिल्यांदाच ताठ बसले.) आणि जुन्या पाच पानी पोकरात समोरच्यानं किती पानं बदलली आणि तो कसा खाकरला, एवढाच पुरावा.

मी विचारलं, "बाबा रे, म्हणजे कौशल्य किती आणि नशीब किती? शेकडा सांग."

तो म्हणाला, "मामा, एका डावात नशीबच जास्त. पण पुष्कळ डाव खेळलात की नशीब सगळ्यांचं सारखं होतं आणि कौशल्य उरतं."

वाक्य सोन्यासारखं आहे आणि गणितानं खरंही आहे. त्यातला 'पुष्कळ' हा शब्द मात्र कुणी उलगडून सांगत नाही. २०१७ च्या जानेवारीत अमेरिकेत पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'लिब्राटस' नावाच्या संगणकानं चार कसलेल्या पोकरपटूंना हरवलं. आपला वरचष्मा दाखवायला त्याला वीस दिवसांत किती डाव खेळावे लागले? १,२०,०००! आम्ही जागरणाला एका रात्रीत शंभर डाव टाकतो, म्हणजे वर्षाला पाचशे. या हिशेबानं माझं कौशल्य दादूसांपेक्षा सरस आहे हे सिद्ध व्हायला २४० वर्षं लागतील. तेवढा वेळ मला आहे, पण दादूस थांबणार नाहीत.

आणि अपवाद? २००३ साली पोकरच्या जागतिक स्पर्धेत टेनेसीचा एक हिशेबनीस थोडक्या डॉलरांच्या प्रवेशिकेवरून आत शिरला आणि २५ लाख डॉलर घेऊन बाहेर पडला. त्याचं आडनाव खरोखरच मनीमेकर होतं. त्याला बघून जगभरच्या हिशेबनिसांना आपलंही आडनाव तेच असल्याचा भास झाला आणि पोकरवाल्यांच्या दुकानाबाहेर रांग लागली.

तर माझा मुद्दा असा. तुम्ही आणि समोरचा कौशल्यात बरोबरीचे असाल, तर फरक दिसायला हजारो डाव लागतात आणि तोवर नाल दोघांनाही खाते. समजा, सहा जण प्रत्येकी पाचशे घेऊन बसले, म्हणजे तीन हजार. दर डावाला शंभर रुपये मध्ये आले आणि मालकानं त्यातले फक्त पाच उचलले. तीनशे डावांनंतर सहाही जणांचं कौशल्य अगदी सारखं असलं तरी दीड हजार मालकाच्या खिशात! आणि समोरचा तुमच्यापेक्षा खरोखरच तरबेज असेल, तर फरक लगेच दिसतो. त्या वेळी खेळ राहत नाही, ती लूट होते. तुमच्या संमतीनं, तुमच्या पैशानं, तुम्हाला 'वेल प्लेड' म्हणून केलेली. इकडे आड, तिकडे विहीर आणि वर पाटी, 'हा कौशल्याचा खेळ आहे'.

नशिबाच्या खेळात अडाण्याला कधीतरी घास मिळतो. कौशल्याच्या खेळात अडाणी हाच घास असतो.

कुणी म्हणेल, "मग मटका बरा म्हणा की!" अजिबात नाही. १९६२ साली कल्याणजी भगत यांनी सुरू केलेला तो मटका (आमच्या शेजारच्या कल्याण शहराचा त्याच्याशी संबंध नाही, उगाच नाव खराब). दहांतला एक आकडा लावा, लागला तर नऊपट. दहांत एकदा लागणार आणि नऊ मिळणार, म्हणजे रुपयातले दहा पैसे नालेतच. गिरणगावातल्या किती घरांतल्या चुली त्यानं विझवल्या. पण मटक्याला निदान कुणी विद्या म्हणालं नाही. आकडा लागला नाही तर माणूस नशिबाला शिव्या द्यायचा. पोकरवाला, रमीवाला काय म्हणतो? जिंकला की "माझं कौशल्य!" आणि हरला की "नशीब फिरलं, पुढच्या वेळी कौशल्य दाखवतो!" हे वाक्य मटक्यापेक्षा महाग पडतं, कारण त्याला शेवट नाही.

ते किती महाग पडतं, हे मला गेल्या वर्षीच्या गौरीच्या रात्री कळलं.

पहाटेचे दोन वाजले होते. दादूस सतरंजीवर घोरत होते, नाना भिंतीला टेकून स्टडची पानं आठवत असावेत. मी समईत तेल घातलं आणि वळून बघतो तो भाचा मखराकडे बघत बसलेला. "मामा," म्हणाला, "आईला सांगू नका."

मोबाइलवर आधी रमी, मग पोकर. सुरुवातीला पन्नास-शंभर, मग हजार, मग पगार. पगारानंतर आमच्या ताईच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी साठवलेले चार लाख वीस हजार. तारीख ठरलेली होती, पुढच्या महिन्यातली. ताई बिचारी लिफ्टपर्यंत धरून धरून चालत होती आणि हे चिरंजीव सतराव्या मजल्यावर बसून ओमाहात कौशल्य दाखवत होते.

मी काही बोललोच नाही. शेवटी विचारलं, "अरे, तुला थांबावंसं कधी वाटलं नाही?"

"मामा, खरं सांगू? जुगार आहे असं वाटलं असतं तर पहिल्याच महिन्यात थांबलो असतो. पण मी चांगला खेळत होतो. दर वेळी वाटायचं, माझी चूक नव्हती, पानं वाईट आली."

मंडळी, हे उत्तर ऐकल्यापासून माझं पोकरशी वैर आहे. होल्डेममध्ये कौशल्य जास्त की ओमाहात, हा वाद विद्वानांनी खुशाल घालावा. मला त्यातलं एवढंच कळतं, की खेळात कौशल्याचा अंश जितका जास्त, तितकं हरणाऱ्याला उठणं जड. बुद्धिमान पोरगं नशिबापुढे हार मानेल, स्वतःच्या बुद्धीपुढे कसं मानणार?

आपल्या पुराणात हे आधीच सांगून ठेवलंय. नल राजा पुष्कराशी फासे खेळून राज्य हरला. वनात भटकला, ऋतुपर्णाचा सारथी झाला. त्या ऋतुपर्णानं चालत्या रथातून बेहड्याच्या झाडाची पानं नि फळं किती, ते सांगितलं. नलानं रथ थांबवून ती मोजली, तर हिशेब बरोबर! मग नलानं त्याला अश्वविद्या दिली, त्याच्याकडून अक्षविद्या घेतली आणि पुन्हा बसून पुष्कराला हरवलं. कौशल्याचा विजय! कौशल्यवाले गोष्ट इथंच संपवतात. पण पुढे नलानं काय केलं? हरलेल्या पुष्कराला क्षमा केली, त्याचा वाटा त्याला परत दिला आणि घरी पाठवलं. मोबाइलवरच्या कुठल्या कंपनीनं हरलेल्याला गुडघ्यांचे पैसे परत देऊन घरी पाठवलेलं मी ऐकलेलं नाही. तिथं नल नाही, नुसती नाल आहे.

कायद्यालाही अखेर हे उमगलं. २०२५ च्या ऑगस्टात संसदेनं नवा कायदा केला. पैसे लावून ऑनलाइन खेळायचा खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, बंद. म्हणजे आमच्या हिनं वहीत मारलेली आडवी रेघच, फक्त राजपत्रात. (त्याच्या आदल्याच महिन्यात विधान परिषदेत आपल्या कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर रमी दिसल्याचा व्हिडिओ गाजला होता. आपण खेळत नव्हतो, असं मंत्रिमहोदयांनी सांगितलं. पुढे त्यांचं कृषी खातं जाऊन क्रीडा खातं आलं. रमीला खेळ मानावा की नाही, या वादावर याहून सुंदर भाष्य कुणाला जमलं नसतं.) पण कायद्यानं सगळं मिटलं असं समजण्याइतका मी भोळा नाही. कॅसिनोंचा कायदा महाराष्ट्रानं १९७६ साली केला, तो अमलात न येता २०२३ साली रद्द झाला. मटका तर बंदी असताना फोफावला. रेघ कागदावर मारून भागत नाही, डोक्यात मारावी लागते.

कुणी विचारेल, मग शेअरबाजारही बंद करा, शेतीही जुगारच आहे! शेतात हरलेल्या माणसाचं पीक शेजाऱ्याच्या कोठारात जाऊन पडत नाही. पोकरात माझ्या हरण्याखेरीज तुमच्या जिंकण्याला दुसरं बियाणंच नाही. एवढा फरक पुरे आहे.

आणि कौशल्य दाखवायचंच असेल तर पैसे कशाला हवेत? सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घ्या. १२० गोल पानं, दहा अवतारांची दहा घरं, कोणतं पान येऊन गेलं ते आठवून आठवून डोक्याचा भुगा होतो. मेंढीकोट घ्या, ब्रिज घ्या. नाना हल्ली आळीतल्या पोरांना फुकट ब्रिज शिकवतात. पोरं त्यांना हरवतात आणि नाना आनंदानं ओरडतात. रमीचे साडेचार हजार जिंकताना या माणसाला इतकं खूश झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

ताईचं सांगायचं राहिलं. शस्त्रक्रिया झाली, पाच महिने उशिरा. भाच्यानं कर्ज काढलं, थोडं मी घातलं, थोडं दादूसांनी. दादूसांनी पैसे देताना एकच विचारलं, "किती डाव खेळलास रं?" भाचा म्हणाला, "मोजले नाहीत." दादूस म्हणाले, "मंग कसलं कौशल्य!"

यंदा गणपतीला भाचा आला. चकत्यांचा डबा त्यानं आणला नाही. आईला मात्र आणलं. ती आपल्या पायांनी दोन पायऱ्या चढून आत आली आणि थेट सतरंजीवर नव्हे, पण खुर्ची ओढून सतरंजीच्या कडेला बसली. म्हणाली, "मलाही तीन पानं वाट रे."

तिनं पानं बघितलीच नाहीत. ब्लाइंड खेळली. दादूस, नाना, मी आणि तिचा चिरंजीव, चौघांनाही पॅक करायला लावून एकवीस रुपये घेऊन गेली. शेवटी कुतूहलानं मी तिची पानं उलटून पाहिली. दुर्री, पंजी, नव्वी. चारांतल्या त्या तीन भंगार हातांतला एक.

हिनं वहीत लिहिलं, "ताई, अधिक एकवीस." आणि चहाचे दहा रुपये तिथल्या तिथं कापून घेतले.